आधी कंट्रोल, मग निष्कर्ष

नागपूर

प्रिय मनू,


दिल्लीत पीएच.डी.ला लागलीस आणि रॅटच्या लहान आतड्यात अमोनिया कसा शोषला जातो, हा विषय मिळाला, हे वाचून फार बरं वाटलं.

त्यासाठीची पद्धत 1954 ची, विल्सन आणि वाइजमन यांची. आतड्याचा छोटा तुकडा काचेच्या सळईवर मोज्यासारखा उलटा करायचा, एक टोक दोऱ्याने बांधायचं, बफर भरून दुसरं बांधायचं. आतलं अस्तर बाहेर येतं. ही पिशवी अमोनियम क्लोराइडच्या 37 अंशांच्या द्रावणात ठेवायची, ऑक्सिजन सोडत राहायचं आणि आत किती अमोनिया आला ते मोजायचं.

इथेच सांभाळ. आत सापडलेला सगळा अमोनिया शोषलेला नसतो. आतड्याच्या पेशी ग्लुटामिनपासून स्वतःही अमोनिया तयार करतात. विंडम्युलर आणि स्पेथ यांनी 1974 साली रॅटमध्येच ग्लुटामिनचा हा वापर दाखवला. म्हणून अमोनिया न घातलेल्या द्रावणातली पिशवी, म्हणजे कंट्रोल, दर वेळी सोबत हवीच. पीएचही न चुकता नोंदव. 7.4 ला शंभरातला जेमतेम एक-दोन भाग अमोनिया भाररहित असतो आणि तोच पेशीपटलातून सहज पार होतो. पीएच चढला की हा वाटा वाढतो. रक्त घेतलंस तर बर्फात ठेव आणि लगेच प्लाझ्मा वेगळा कर. नुसतं ठेवलेल्या रक्तात अमोनिया वाढतच जातो. दिल्लीच्या मे-जूनमध्ये तर हयगय नकोच.

इतकं काटेकोर कशासाठी? आतड्यातून आलेल्या अमोनियाचा युरिया यकृत करतं. 1893 साली पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगांत पोर्टल शिरेतलं रक्त यकृताला वगळून वळवलेल्या कुत्र्यांची मांस खाल्ल्यावर शुद्ध हरपत असे. यकृताच्या सिरोसिसचा रुग्णही असाच भ्रमात जातो. पंत हॉस्पिटल किंवा वसंतकुंजातलं आयएलबीएस हे यकृतविकारांचं रुग्णालय दिल्लीतच आहे. गाइडना विचारून एकदा असे रुग्ण बघून ये. त्यांना देतात ते लॅक्टुलोज मोठ्या आतड्यातला पीएच उतरवतं, त्यामुळे अमोनिया भारित होऊन तिथेच अडकतो. तुझ्या बीकरमधलाच हा नियम.

शेवटचं. चाचणीची आणि कंट्रोलची पिशवी एकाच रॅटच्या लगतच्या तुकड्यांतून घे. प्राणी कमी लागतील, तुलनाही चोख होईल. एथिक्स कमिटीने मंजूर केलेली संख्या ही मर्यादा आहे, संपवायचा कोटा नव्हे. घाईत केलेला प्रयोग जिवावर बेततो तो त्या मुक्या प्राण्याच्या. कंट्रोल नसेल, तर आकडा कितीही देखणा असला तरी निष्कर्षात घेऊ नकोस.

तुझा,
मामा