दुसऱ्या पाळीला निघालेल्या भाच्यास

जयसिंगपूर



वहिनी सांगत होती, कागलच्या एमआयडीसीत तुला दुसरी पाळी लागली. म्हणजे रात्री बाराच्या पुढे सुटायचं आणि हुपरीवरून मोटारसायकलने घरी यायचं. नोकरीचा आनंद आहेच. पण अंगात काळं जाकीट, डोक्यावर काळं मॅट हेल्मेट, पाठीला काळी सॅक, आणि झळाळत्या रंगाच्या जाकिटाचं नाव काढलं की तू म्हणतोस, "आत्या, ते रस्त्यावर काम करणारे घालतात." याचं उत्तर फोनवर तुला नीट देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

रस्त्यावर काम करणारे ते घालतात, कारण त्यांचा जीव अनोळखी माणसाच्या नजरेवर अवलंबून असतो. रुळांवरचा गँगमन नारिंगी जाकीट घालतो तेही त्याचसाठी. तुझी गत वेगळी नाही. तुझ्या भोवती पत्रा नाही, एअरबॅग नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. त्या सगळ्यांना जाकिटाने वाचवलं असतं असं मी म्हणणार नाही. पण "मला तो दिसलाच नाही" हे वाक्य अपघातानंतर जगभर ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. १९८१ साली अहवाल आला. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली होती त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश अपघातांत दुसरा चालक आडवा आला होता. समोरून येणारी मोटारसायकल डोळ्याला एवढीशी दिसते. लहान दिसतं ते लांब आहे, यायला वेळ आहे, असा हिशेब मेंदू न सांगता करून टाकतो आणि ट्रॅक्टरवाला वळण घेतो. तो वाईट माणूस असतोच असं नाही.

आता जाकिटाचं. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदार त्या एकच म्हणून विकतात. फ्लोरोसंट रंग सूर्यप्रकाशातले न दिसणारे अतिनील किरण घेऊन त्यांचा दिसणारा प्रकाश करतो, म्हणून तो दिवसा, ढगाळ हवेत आणि विशेषतः तिन्हीसांजेला पेटल्यासारखा वाटतो. रात्री तो जवळजवळ निकामी, कारण हेडलाइटमध्ये ते किरण नसल्यातच जमा. रात्री काम करते ती रेडियमची पट्टी. तिच्यातले काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम आलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात, म्हणून ज्याची हेडलाइट त्याच्याच डोळ्यांना ती लखलखते. तू संध्याकाळी परतत असतास तर रंगावर भर दे म्हटलं असतं. तुझ्या पाळीला पट्टी आधी, रंग नंतर. रंग घेशील तेव्हा पिवळट हिरवा नको, नारिंगी घे. आपल्याकडे दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो, हिरव्यात हिरवं मिसळून जातं.

पुरावा काय, असं तू विचारशील, विचारावंच. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा एक अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. फ्लोरोसंट किंवा प्रकाश परावर्तित करणारे कपडे घालणाऱ्यांमध्ये गंभीर अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. काळ्या हेल्मेटपेक्षा पांढऱ्या हेल्मेटवाल्यांचा २४ टक्क्यांनी कमी, आणि दिवसा हेडलाइट चालू ठेवणाऱ्यांचा २७ टक्क्यांनी. त्यातलं हेडलाइटचं काम आपल्या सरकारने १ एप्रिल २०१७ पासून केलं आहे, नव्या गाड्यांची हेडलाइट बंदच होत नाही. मात्र असं जाकीट घालणारा मुळातच सांभाळून चालवणारा असू शकतो. संशोधकांनी तो फरक हिशेबात धरायचा प्रयत्न केला होता, तरी तो पूर्ण वजा होत नाही. म्हणून ३७ हा आकडा मी छातीठोकपणे सांगत नाही. दिशा मात्र पटण्यासारखी आहे आणि खर्च एका पेट्रोलच्या टाकीहून कमी आहे.

माझी खरी काळजी पुढची आहे. जाकीट घातलं की आपण दिसलो असं वाटायला लागतं. बघणारा मोबाइलमध्ये असेल, प्यालेला असेल, समोरच्या अप्परने दिपलेला असेल. माणूस थेट बघूनही न बघितल्यासारखा वागतो, त्याचं लक्ष फक्त मोठ्या गाड्या शोधत असतं. म्हणून जाकीट घाल आणि गाडी अशी चालव की ते कुणालाच दिसलेलं नाही. चौकात ट्रॅक्टरवाल्याने तुझ्याकडे बघितलं तरी वेग उतरव. साठच्या वेगात सेकंदाला सतरा मीटर जातात. धोका कळून ब्रेक दाबेपर्यंत पंचवीस मीटर, आणि थांबेपर्यंत एकूण पन्नासच्या आसपास. डिपरच्या उजेडात पंचगंगेकाठच्या धुक्यात तेवढं पुढचं दिसतं का, ते तूच बघ.

काही बारीकसारीक गोष्टी. सॅक पाठीला लावलीस की जाकिटाची मागची पट्टी झाकून जाते, आणि मागून येणाऱ्यालाच तर ती दिसायला हवी. म्हणून सॅकलाच रेडियम लाव. हेल्मेटच्या मागे आणि दोन्ही बाजूंना लाव. पावसाळ्यात वरून काळा रेनकोट चढवलास तर आतल्या जाकिटाचा काही उपयोग नाही, रेनकोटही पट्टीवालाच घे. स्वस्त पट्ट्या धुऊन धुऊन मरतात. तपासायचं सोपं आहे: खोलीत अंधार कर, जाकीट लांब टांग, मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून बघ. पट्टी मिणमिणली तर बदल. टेललाइटवरचा चिखल रोज पुसत जा, बाकी सगळ्याच्या आधी तो.

आणि पंक्चर होऊन रस्त्याकडेला उभा राहशील तेव्हा जाकीट अंगातून काढू नकोस. फ्रान्समध्ये २०१६ पासून प्रत्येक दुचाकीस्वाराने असं जाकीट जवळ बाळगायचंच आणि अडचणीत रस्त्यावर थांबताना घालायचंच, असा कायदा आहे. त्यामागचा विचार मला पटतो. चालवताना ते घालण्याची सक्ती आपल्याकडे करावी असं मात्र मला वाटत नाही. पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन निघणाऱ्याला आणखी एक पावती फाडायला लावण्याआधी, दिवा नसलेली डबल ट्रॉली हमरस्त्यावर येणार नाही एवढं तरी यंत्रणेने करून दाखवावं. दिसण्याचा सगळा भार सगळ्यांत लहान गाडीवाल्यावर टाकणं अन्यायाचं आहे. तू जाकीट घाल ते कुणी सांगितलं म्हणून नको, वाटेत आडव्या येणाऱ्या त्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी घाल.

ट्रॉलीवरून आठवलं, आणि हे तुझ्या जाकिटाइतकंच महत्त्वाचं आहे. पुढच्या महिन्यात गाळप सुरू होईल. आपल्या ट्रॉलीचा टेललाइट गेल्या हंगामात मागे लोंबणाऱ्या उसाखाली पूर्ण झाकला जात होता. दादाला सांग, पहिली खेप भरायच्या आधी मागे लाल, बाजूंना पिवळं आणि पुढे पांढरं रेडियम लावून घ्या, मागचं लोंबणाऱ्या उसाने झाकलं जाणार नाही असं. ट्रॉली बंद पडली तर मागे लांबवर त्रिकोण ठेवायचा, दगड ठेवून निघून यायचं नाही. तो म्हणेल, एवढी वर्षं काही झालं नाही. तसं म्हणाला तर मला लगेच फोन कर, मी त्याच्याशी बोलते.

तुझी आत्या