बाही बेतण्यापूर्वी

जालना

चि. भाचीस,

अंबडला दुकान मांडल्यापासून अंगाचे काम निर्वेध साधते, परंतु बाही जोडली की गिऱ्हाईक हात वर करताच सबंध झंपर वर चढतो आणि काखेत काचतो, ही तुझी कैफियत वाचली. आणि त्यावरचा उपाय म्हणून तू दर वेळी मुंढा, म्हणजे बाही जोडण्याचा काप, अर्धा-पाऊण इंच अधिक खोल कापू लागलीस, हे वाचून तर तातडीने लेखणी हाती घेतली. तो उपाय नव्हे, तोच रोग आहे. मुंढा जितका खाली उतरतो तितकी काखेची शिवण खांद्याच्या सांध्यापासून दूर जाते, आणि मग हात वर नेताना बाही अंगाचे कापडही आपल्याबरोबर ओढून नेते. तोच मुंढा काखेखाली जेमतेम बोटभर अंतरावर ठेवला, तर हात मोकळा उचलता येतो आणि कमरेची कड जागची हलत नाही.

बाहीचा आरंभ बाहीच्या कागदावर करू नये, मुंढ्यावर करावा. झारापकर पद्धतीत छातीच्या मापाच्या अंशांवरून बाही काढतात. सर्वसाधारण बांध्याला ते लागू पडते, तथापि प्रत्यक्ष मुंढ्याशी रुजुवात घातल्यावाचून कापडाला कात्री लावणे मला मान्य नाही. पाठ आणि पुढा यांचे कागद तयार झाले की माया सोडून, शिवणीच्या रेषेवरून, मापपट्टी कडेवर उभी धरून ती वक्ररेषा मोज. समजा दोन्ही मिळून १६ इंच भरली, तर निम्मे ८. दुसऱ्या कागदाला उभी घडी घालून घडीवर बाहीचा माथा कल्पावा, आणि माथ्यापासून दंडाच्या आडव्या रेषेपर्यंत ८ इंचांची तिरपी रेषा टेकवावी. माथ्याची उंची ५ इंच धरलीस तर ही तिरपी रेषा घडीपासून सव्वासहा इंचांवर टेकते, म्हणजे उलगडलेली बाही दंडाशी साडेबारा इंच होते. उंची ३ इंच धरलीस तर तीच रुंदी पावणेपंधरा इंचांच्या किंचित वर जाते. पहिली बाही, हात खाली सोडला असता, सुरकुतीवाचून उतरते, पण वर जाण्यास अडते. दुसरी हात उचलू देते आणि खाली सोडल्यावर काखेशी घड्या पाडते. हे दोन्ही गुण पूर्णत्वाने एका बाहीत आणणे भूमितीलाच शक्य नाही.

म्हणून मापपट्टी हाती घेण्यापूर्वी, हा हात दिवसभर काय करणार, हे विचारण्यात हयगय करू नकोस. दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया लुगड्यावर घरच्या पुरुषाचा जुना सदरा चढवतात. ऊन आणि बोंडांचे ओरखडे टाळण्यासाठी तो असतो खरा, पण सदऱ्याची बाही कमी माथ्याची आणि रुंद असल्यामुळेच हात सतत पुढे करूनही पाठीवर ओढ बसत नाही, हेही त्या अनुभवाने जाणतात. याउलट शेरवानी हा हैदराबाद संस्थानातला, म्हणजे १९४८ पर्यंत आपल्याही मुलखातला, दरबारी पोशाख. ती घालणाऱ्याला अदबीने उभे राहायचे असे, म्हणून तिला उंच माथ्याची बाही शोभली. तुझ्याकडे येणाऱ्या बायकांना पाणी भरायचे असते, भाकरी थापायच्या असतात, मूल कडेवर घ्यायचे असते. त्यांच्या नित्याच्या झंपराला शेरवानीचा माथा देऊ नकोस. लग्नकार्याच्या झंपराला दे.

तिरप्या रेषेच्या वरच्या अर्ध्या भागाला अर्धा-पाऊण इंच फुगवटा दे, खालच्या अर्ध्याला खोलगटपणा. पुढच्या बाजूस तो अधिक, कारण पुढ्याचा मुंढाही आत अधिक कोरलेला असतो. ही वक्ररेषा मुंढ्याहून पाऊण ते एक इंच जास्त भरली तर उत्तम. ते जास्तीचे कापड माथ्याशी धावदोऱ्याच्या दोन ओळी घालून, चुणी दिसणार नाही अशा बेताने सामावून घ्यावे. सदऱ्याला एवढे जास्तीचे कापड लागत नाही. पुढे एक खाच, मागे दोन, हा दंडक मोडू नकोस, म्हणजे उजव्या-डाव्याची गफलत होणार नाही. माथ्यापासून मनगटाकडे उभा धागा सरळ उतरला पाहिजे.

पहिली बाही नेहमी मांजरपाटाची, कच्च्या धाग्याने जोडलेली असावी. माथ्यापासून दोन्ही बाजूंनी काखेकडे तिरप्या ओढी दिसल्या तर माथा अपुरा आहे. माथ्याखाली आडवी घडी बसली तर तो फाजील आहे. ओढ एकाच बाजूला असेल तर कात्री मुळीच लावू नकोस, टाके उसवून बाही पाव इंच पुढे किंवा मागे फिरव. पुष्कळ दोष एवढ्यानेच निवारतात. खोल मुंढ्याचे जे झंपर कापून झाले आहेत, त्यांच्या काखेत जुन्या कुडत्यासारखा चौकोनी तुकडा बसव, म्हणजे हात तरी मोकळा होईल.

आता एवढे कर. एकाच मुंढ्याला ५ इंची आणि ३ इंची माथ्याच्या दोन बाह्या आळीपाळीने जोडून, स्वतः अंगात घालून हात वर करून पाहा, आणि काय आढळले त्याचा तपशील मला कळव. तोवर नवे कापड कापू नकोस.

तुझा,
मामा