सोबतच्या माणसाची भूक

परळच्या फूटपाथवर मला चक्कर आली त्या दिवशी माझ्या पर्समध्ये अकराशे रुपये होते. पैसे नव्हते म्हणून मी उपाशी होते असं नाही. ते पैसे मिस्टरांच्या तपासण्यांसाठी बाजूला ठेवलेले होते, आणि काटकसर करायची म्हटली की माझ्या हिशोबात पहिली कात्री माझ्याच जेवणाला लागायची.

आम्ही बार्शीकडच्या खेड्यातले. 2023 च्या जूनमध्ये यांना तोंडाचा कॅन्सर निघाला म्हणून टाटा हॉस्पिटलला आलो. निघताना आठ दिवसांचे कपडे घेतले होते, राहिलो साडेचार महिने. ऑपरेशननंतर यांच्या नाकात नळी होती. दूध, डाळीचं पाणी, प्रोटीनची पावडर, जे काय जायचं ते तिच्यातून. म्हणजे ताटाला बसणारी मी एकटीच. एकट्या जिवासाठी कुठं थाळी घ्यायची, म्हणून सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, रात्री पुन्हा चहा. बाईमाणूस असंच करते, आणि त्यात आपण काही चुकतोय हे तिला वाटतही नाही.

दुपारी फूटपाथवर फुकटच्या जेवणाची गाडी यायची, अन्नाच्या वासाबरोबर रांग लागायची. माझे पाय तिकडं वळेनात. आषाढीच्या दिंड्या आमच्या गावावरून जातात, आमच्या आळीत पिठलं-भाकरीच्या पंगती उठतात, आणि वर्षानुवर्षं मी तिथं वाढलेलं आहे. तोच हात पुढं करायचा कसा? शेजारी चटई टाकून राहिलेल्या यवतमाळच्या एका बाईला मी हे बोलून दाखवलं. ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "म्हणजे तुमच्या दारचे वारकरी तुमच्या मनात भिकारीच होते म्हना की." मला राग आला. दुसऱ्या दिवशी मात्र मी तिच्यामागं रांगेत उभी राहिले.

त्याआधी एकानं मला गंडवलंही होतं. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. "खोली आणि दोन वेळचं जेवण मिळवून देतो, नोंदणीचे पाचशे द्या." दिले. माणूस परत दिसला नाही. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: फुकटच्या जेवणाला नोंदणीचे पैसे लागत नाहीत. कुणी मागितले की तिथून उठायचं.

खरी वाट हॉस्पिटलच्या आतच होती आणि मी तिच्यासमोरून रोज जात होते. मेडिकल सोशल वर्करच्या खोलीत पेशंटची फाईल, आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन पहिल्याच दिवशी जायचं. पैसे संपल्यावर नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी सोय होते, पण तिथं हॉस्पिटलचं पत्र लागतं आणि जागा लगेच मिळेल असं नसतं. म्हणून नाव लवकर घालावं. जीवन ज्योत ट्रस्टसारख्या संस्था कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्यांनाही जेवू घालतात. कोण कुठं, किती वाजता वाढतं, हे त्या खोलीतल्यांना आणि फूटपाथवरच्या जुन्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. आपण विचारायचं तेवढं.

हात पुढं करायला अगदीच जड जात असेल तर शिवभोजन थाळी आहे. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेली ही सरकारी योजना. दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भाताची मूद. दहा का होईना, आपण पैसे मोजून जेवलो, याचा मनाला आधार वाटतो. मला वाटला. केंद्रावर फोटो काढतात, त्याला बिचकू नये. थाळ्या मोजक्या असतात, दीड वाजता गेलात तर रिकामं भांडं बघून परताल. सगळीच केंद्रं नेहमी चालू असतील असंही नाही, आदल्या दिवशी चौकशी करून ठेवावी. दादरच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. डोक्यावर पदर घ्यायचा, पंगतीत बसायचं, कोण-कुठले हे कुणी विचारत नाही.

रेशनचं तर मला माहीतच नव्हतं. आमचं केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंबातलं, माणशी महिन्याला पाच किलो. ते धान्य जानेवारी 2023 पासून मोफत आहे आणि मुंबईतल्या दुकानातही अंगठा लावून उचलता येतं. मी गेले तर मशीननं काहीच दाखवलं नाही: गावाकडं सासूबाईंनी त्या महिन्याचं सगळं धान्य आधीच उचललं होतं! घरच्यांशी फोनवर ठरवूनच दुकानात जावं, ई-केवायसी गावाहून निघण्याआधी उरकावं. दुकानदार टोलवाटोलवी करू लागला तर 1967 वर तक्रार होते. गहू घेऊन इथं करायचं काय, हाही प्रश्नच. तांदूळ मात्र स्वयंपाकाची सोय असलेल्या धर्मशाळेत कामी येतो.

एक जपायचं. रांगेतलं अन्न सोबतच्या माणसाचं. केमो चालू असलेल्या पेशंटला ते डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नका, कापून ठेवलेली फळं आणि कोशिंबीर तर नाहीच. नळीतून काय घालायचं ते आहारतज्ज्ञच सांगतात, आणि पावडर परवडत नसेल तर तेही त्यांच्यापाशी बोलावं. दुपारचा भात रात्रीसाठी डब्यात भरून ठेवायची सवय मला होती. मुंबईच्या दमट हवेत तो आंबतो. दोन दिवस जुलाबानं आडवी पडले, तेव्हा यांच्या नळीत दूध घालायला यवतमाळची तीच बाई आली.

आता दर तीन महिन्यांनी तपासणीला येतो. पिशवीत फाईल, झेरॉक्सचा गठ्ठा, स्टीलचं ताट-वाटी आणि एक पेला. वर शेंगाचटणी आणि दहाएक कडक भाकरी, चटईवरच्या शेजारणींना पुरतील एवढ्या.