वेबपान शिकणाऱ्यांनी काय वाचावे, काय घ्यावे



दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो : "मुलाला वेबसाइट करायला शिकायचे आहे, कोणता लॅपटॉप घेऊ?" मागच्या उन्हाळ्यात एका पालकांनी हे विचारले, तेव्हा त्यांच्या हातात इंदूरच्या एका दुकानाचे कोटेशन होते. आकडा पाहून आम्हीच गप्प झालो. यंत्र होते संगणकावरचे भारी खेळ खेळण्यासाठी बनवलेले. वेबपान लिहायला त्यातले निम्मेसुद्धा लागत नाही. वाचलेले पैसे पुस्तकांना, मुलीच्या फीला, कशालाही लागतील. म्हणून हा पाठ.

ब्राउझरमध्ये जे दिसते ते तीन प्रकारच्या साध्या मजकुरातून तयार होते. मजकुराची रचना सांगते ते एचटीएमएल, रूप सांगते ते सीएसएस आणि बटण दाबल्यावर काय व्हावे हे सांगते ती जावास्क्रिप्ट. तिन्ही फायली नोटपॅडमध्येही लिहिता येतात. या कामाला फ्रंट-एंड म्हणतात, आणि आपल्या मुलांना त्यात एक जास्तीची विद्या लागते. ती इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. ती विद्या म्हणजे देवनागरी.

ही गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली. आपल्या जुन्या अंकांच्या फायली एका सीडीवर होत्या. त्यांत मंडळाच्या एका दिवंगत आजोबांनी होळकर राजवटीतल्या आपल्या बालपणावर लिहिलेला लेख होता. छापील प्रत वाळवीने खाल्ली. फायल उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी! कारण साधे होते. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट संगणकावर नसला की लेख नाहीसाच. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे १९९१ पासून देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र कप्पा आहे : 'क' म्हणजे २३२५, 'ल' म्हणजे २३५४, 'ळ' म्हणजे २३५५. फाँट बदला, संगणक बदला, अक्षर तेच राहते. आजोबांचा लेख रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढला. बराच आला, पण जोडाक्षरे जागोजाग मोडली होती. नववीच्या दोन मुलींनी तीन रविवार बसून तो ओळ न् ओळ तपासला. विश्वस्त मंडळींना विनंती, उरलेल्या सीडी कपाटातून बाहेर काढा. त्या अजून चालतात तोवरच काही करता येईल.

मराठी पानात आणखी एक खोच आहे. आपण माळव्यातले. घरी मराठी, शाळेच्या बाहेर पाऊल टाकले की हिंदी. पडद्यावरही तेच होते : 'ल' आणि 'श' ही अक्षरे हिंदी वळणाची दिसतात, मराठी पुस्तकांतल्यासारखी नाहीत. यावर उपाय आहे. एचटीएमएलच्या पहिल्या खुणेतच पानाची भाषा सांगता येते. मराठीसाठी 'एमआर', हिंदीसाठी 'एचआय' ही दोन-दोन अक्षरे. फाँटात दोन्ही वळणे असतील तर ब्राउझर त्यावरून मराठी वळण निवडतो. 'तिरो देवनागरी मराठी' हा फाँट तर मराठीसाठीच वेगळा काढलेला आहे. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा 'मुक्ता' हाही चांगला. दोन्ही मोफत आहेत. आणि 'दर्या' व 'दऱ्या' यांतला फरक टंकता आलाच पाहिजे, नाहीतर समुद्राच्या जागी दऱ्या यायच्या! इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'जे' दाबले की खालच्या टिंबाचा 'ऱ' येतो. त्याला हलन्त देऊन 'य' जोडायचा.

सीएसएसमध्ये इंग्रजी उदाहरणे जशीच्या तशी उतरवू नका. अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. वर रफार, खाली उकार असल्यामुळे ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागते. अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवून पाहा.

आता पुस्तके. सुरुवातीला जॉन डकेट यांचे 'एचटीएमएल अँड सीएसएस' (२०११). पाने रंगीत, इंग्रजी सोपे, आठवीच्या मुलालाही झेपेल. पण पानाची मांडणी शिकवणारे प्रकरण आता जुने झाले आहे, ते नुसते चाळा. सीएसएस ग्रिड ही पद्धत २०१७ मध्ये मोठ्या ब्राउझरांत आली, ती मोझिलाच्या एमडीएन या मोफत संकेतस्थळावरून शिका. स्टीव्ह क्रुग यांचे 'डोन्ट मेक मी थिंक' (पहिली आवृत्ती २०००) छोटेखानी आहे. त्यात एक ओळही प्रोग्रॅमिंग नाही. वाचणारा माणूस पानावर कुठे अडखळतो एवढेच ते दाखवते, आणि आमच्या मते सगळ्यांत आधी पालकांनीच वाचावे. जावास्क्रिप्टसाठी मारेन हावरबेके यांचे 'एलोक्वंट जावास्क्रिप्ट' महाजालावर फुकट वाचता येते, चौथी आवृत्ती २०२४ ची. ते कठीण आहे. पाचव्या प्रकरणाशी अडलात तर स्वतःला ढ समजू नका, पहिली चार पुन्हा करा. ज्यांना अक्षरांचीच गोडी लागेल त्यांनी बापूराव नाईक यांचे 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' (१९७१) इंदूरच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात शोधून पाहावे. र. कृ. जोशींचे नावही लक्षात ठेवा. विंडोज २००० पासून संगणकात आलेला 'मंगल' फाँट त्यांचा. कोल्हापूरचे हे गृहस्थ कवीही होते. २००८ मध्ये वारले.

यंत्रांचे लवकर आटोपते. आठ जीबी मेमरी आणि एसएसडी असलेला वापरलेला लॅपटॉप पुरतो. दोन गोष्टी दुकानातच तपासा : बॅटरी किती वेळ टिकते, आणि कळफलकाची सगळी बटणे चालतात का. डेस्कटॉप घेणार असाल तर यूपीएस हवाच. वीज गेली की तासाभराचे काम जाते, मग मूल रडते आणि आई रागावते. व्हीएस कोड हा संपादक फुकट, फायरफॉक्स आणि क्रोममधली तपासणीची साधनेही फुकट. दुसरा पडदा, चमकणारा कळफलक, महागडी खुर्ची सध्या नको. मात्र पाय जमिनीला टेकतील अशी साधी खुर्ची आणि डोळ्यांच्या उंचीवर पडदा पाहिजे; चार जाडजूड पुस्तके खाली ठेवली तरी चालते.

एक वस्तू मात्र आम्ही आग्रहाने सांगतो. घरातला जुना, स्वस्त मोबाइल विकू नका. आपल्या गावात पान उघडणारे बहुतेक जण तसाच फोन हातात घेऊन बसलेले असतात. तुमच्या नव्या लॅपटॉपवर झरझर उघडलेले पान त्यावर किती वेळ नुसते गरगरते, ते एकदा बघाच.

अभ्यास : हिंगोटावर एक पान करा. गौतमपुऱ्याचा तुर्रा, रुणजीची कलंगी, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी होणारी ती लढाई, हिंगोटाचे फळ पोखरून त्यात दारू कशी भरतात, हे सगळे घरातल्या मोठ्यांना विचारून दोनशे शब्दांत लिहा. लढाईत भाजतात ते लोकही लिहा, नुसते कौतुक नको. दोनच छायाचित्रे घ्या. मोबाइलवरचे छायाचित्र तीन-चार एमबीचे असते. त्याची रुंदी १२०० पिक्सेलवर आणून ते दोनशे केबीच्या आत बसवा. पान जुन्या फोनवर आजीला वाचायला द्या आणि ती कुठे थांबली ते वहीत लिहून ठेवा. पान आणि वही, दोन्ही संगणक खोलीत घेऊन या.