घरच्या फोटोंचा माळा

जर्मनीत स्थिरावलेल्या काही मराठी घरांना विचारून हे टिपण केलं आहे. भाड्याचं घर, आनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी), बँकेचं खातं यांची माहिती तुम्हाला कुणीही देईल. इथे विषय एकच: घरातले दोन लॅपटॉप, दोन-तीन फोन आणि भारतातून आणलेली हार्डडिस्क, एवढा पसारा एका जागी कसा ठेवायचा? पूर्वी घरात माळा असायचा, तसं हे काम. त्यासाठी एक डबा मिळतो, नेटवर्कला जोडायचा; त्याला नॅस म्हणतात. ‘नास’ म्हणू नका. आमच्यातला एक जण सुरुवातीला तसंच म्हणायचा आणि महिन्याभरात त्याच्या डिस्कचा खरोखरच नास झाला.

पहिल्या वर्षी नवं काहीही विकत घेऊ नका, यावर बहुतेक घरांचं एकमत आहे. नोकरीचा प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीचा काळ, संपायचा असतो, घर तात्पुरतं असतं आणि आपल्याकडे नक्की किती सामान आहे याचा अंदाज नसतो. इथे पुष्कळ घरांत फ्रिट्झबॉक्स हा राउटर असतो. त्याला यूएसबीची जागा असते. जुनी डिस्क तिथे लावा, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज चालू करा, घरातल्या प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड द्या. वेग यथातथाच मिळतो, पण व्हिसाची कागदपत्रं, पगारपत्रकं आणि मुलांच्या शाळेचे कागद यांना पुरतो. आमच्यातली दोन घरं वर्षानुवर्षं एवढ्यावरच सुखी आहेत.

मग डबा केव्हा घ्यायचा? फोन भरायला लागले की. गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आणि फुकटची १५ जीबी एका बारशात संपते. घ्यायचा झाला तर दोन डिस्कांचा घ्या. आयटीतल्या मंडळींना चार डिस्कांच्या डब्याचा मोह होतो, त्यांना घरच्यांनी आवरावं. जाहिरातीत किंमत स्वस्त दिसली तर खाली ‘ओने फेस्टप्लाटेन’ लिहिलंय का ते बघा, म्हणजे डिस्कांशिवाय. डबा रिकामाच येतो आणि डिस्कांचा खर्च अनेकदा डब्याच्या वर जातो. डिस्का भारतातून आणू नका, बिघडल्यावर वॉरंटीसाठी कुणाच्या दारात उभं राहणार? इथे ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करता येते आणि विक्रेत्यावर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते. पावती मात्र जपा.

डिस्क निवडताना एक शब्द लक्षात ठेवा: सीएमआर. दुसरा प्रकार एसएमआर. त्यात माहितीचे पट्टे मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. एरवी हे जाणवत नाही. एक डिस्क मरते, नवी घालून सगळं पुन्हा भरायची वेळ येते, तेव्हा हे काम रेंगाळत राहतं. २०२० मध्ये खास नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्का एसएमआर निघाल्या आणि मोठी ओरड झाली. तेव्हापासून आम्ही खोक्यावरच्या नावावर न जाता तपशिलाचा तक्ता वाचतो. ४ टीबीच्या दोन डिस्का आरशासारख्या जोडल्या तर जागा ४ टीबीच मिळते आणि विंडोज ती ३.६ दाखवतं. दुकानदाराशी भांडू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे.

वीज. दोन डिस्कांचा डबा साधारण २० वॅट खातो असं धरा. वर्षभर चालू ठेवला तर १७५ युनिटं आणि युनिटला ३५ सेंटच्या हिशेबाने ६० युरोंच्या आसपास. रात्री डिस्का झोपतील असं सेटिंग करा. त्याने आवाजही थांबतो, कारण एका खोलीच्या घरात रात्री दोनला डिस्कची करकर चांगलीच ऐकू येते. लाकडी फडताळावर ठेवलात तर फडताळही घुमतं. खाली पंचाची चौपदरी घडी ठेवायची, हा श्टुटगार्टच्या एका काकूंचा उपाय रबरी पायांपेक्षा सरस निघाला. तळघरात ठेवण्याची हुशारी करू नका, ओल असते.

डबा राउटरला तारेनेच जोडा. गिगाबिट तारेवर १ टीबी तीनेक तासांत सरकतं. जुन्या इमारतींच्या जाड भिंतींपलीकडून वायफायवर तेच करायला गेलात तर सकाळ होईल. पुण्यात बसून आई-बाबांनी नातवाचे व्हिडिओ बघायचे असतील तर तुमच्या कनेक्शनचा अपलोड मोजा. ४० एमबीपीएसवर १ टीबी बाहेर जायला दोन दिवसांहून जास्त लागतात. आणि त्यासाठी राउटरचं दार थेट इंटरनेटकडे उघडू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने असेच उघडे डबे शोधून त्यांतल्या फायलींना कुलूप घातलं. राउटरमधला व्हीपीएन वापरा. केबल कनेक्शनवर बऱ्याचदा स्वतंत्र आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही, मग बाहेरून जोडणी होत नाही. तेव्हा कंपनीकडे पत्ता मागा किंवा टेलस्केलसारखी व्हीपीएन सोय वापरा.

सगळ्यांत महागडा धडा मात्र आरशाचा. एका घरात ‘बारसं’ नावाचं फोल्डर रिकामं समजून पुसलं गेलं. दोन्ही डिस्कांनी ते एकाच क्षणी, अत्यंत प्रामाणिकपणे पुसलं. आरसा डिस्क मेल्यावर वाचवतो, आपल्या हातून नाही. म्हणून स्नॅपशॉट, म्हणजे फायलींची आधीची स्थिती जपणारी सोय, चालू करा आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. आमच्यापैकी तिघांची पद्धत अशी: दोन छोट्या डिस्का, दोन्हींना पासवर्डचं कुलूप. दर भारतभेटीत ताजी प्रत हातातल्या बॅगेतून न्यायची, आईच्या कपाटात ठेवायची आणि तिथली जुनी परत आणायची. घर कोकणात असेल तर डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

तिकडे गेल्यावर आणखी एक काम उरका. वडिलांनी श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फायली इथे उघडल्या तर भलत्याच अक्षरांचा कचरा दिसतो, कारण तो फॉन्ट आपल्याकडे नसतो. ज्या संगणकावर तो आहे, तिथूनच त्यांच्या पीडीएफ करून घ्या. तो संगणक भावाने बहुधा भंगारात द्यायला काढला असेल, तेव्हा तिकीट काढायच्या आधी त्याला फोन करा.