फुरसत : एक अमानत

पनवेलपासून रत्नागिरीपर्यंत कित्येक घरांतील कर्ते पुरुष आखाती देशांत चाकरीस आहेत. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात भर दुपारी उन्हात काम करून घेण्यास कायद्याने मनाई आहे. विसाव्याचे हे तास मोबाईलवर सहज वाया जातात. आरोग्य व फुरसत या दोन देणग्यांबाबत पुष्कळ लोक तोट्यात राहतात, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे (बुखारी). आजारी सोबत्याची विचारपूस करावी, एका दस्तरखानावर जेवावे, फोनवरून लेकराचा सबक ऐकावा. नेक नियतीने तीच फुरसत इबादत ठरते. घरच्यांनीही फोन येताच मागण्यांची यादी वाचू नये. आधी ‘तब्येत कशी आहे?’ असे विचारावे. त्याची ती घटका ही आपल्याकडेही सोपविलेली अमानत आहे.