शाळेतील प्रार्थना आणि विद्यार्थ्याची संमती

शासनाच्या पैशावर किंवा शासनाच्या मान्यतेने चालणाऱ्या शाळेत धार्मिक प्रार्थना असावी काय, आणि असल्यास प्रत्येक विद्यार्थ्याने ती म्हणावी काय, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. परिपाठाच्या दहा मिनिटांत त्यावर कोणी विचार करीत नाही. तथापि या प्रश्नाने अमेरिकेच्या आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयांचे दार ठोठावले आहे. बौद्ध संस्थांनी चालविलेल्या निवासी शाळांशी तर त्याचा थेट संबंध आहे. म्हणून त्याचा क्रमाने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अमेरिकेतील वाद

अमेरिकेत या वादाचा आरंभ धर्म मानणारे आणि न मानणारे यांच्यात झाला नाही. तो एकाच धर्माच्या दोन पंथांत झाला. फिलाडेल्फिया शहरातील सार्वजनिक शाळांत प्रोटेस्टंट पंथाला मान्य असलेले बायबल वाचले जाई. कॅथलिक पालकांनी आपल्या मुलांसाठी आपल्या पंथाचे बायबल मागितले. त्यातून पेटलेल्या तेढीची परिणती १८४४ साली दंगलीत झाली आणि कॅथलिक चर्च जाळली गेली. ग्रंथ एकच, भाषांतरे दोन, एवढाच तो भेद होता.

पुढे १९५१ साली न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने यावर तोडगा म्हणून स्वतःच एक प्रार्थना रचली. इंग्रजीतील बावीस शब्दांच्या त्या प्रार्थनेत कोणत्याही पंथाचे नाव नव्हते. केवळ सर्वशक्तिमान ईश्वराला आवाहन होते. ज्याला ती म्हणावयाची नसेल त्याने गप्प राहावे किंवा वर्गाबाहेर जावे, अशी सवलतही होती. तरीही पाच पालक न्यायालयात गेले. 'एंगेल विरुद्ध व्हिटाले' या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात २५ जून १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने ती प्रार्थना घटनाबाह्य ठरविली. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्या निकालाचा आशय असा की, जनतेसाठी प्रार्थना रचणे हे शासनाचे कामच नव्हे. आणि एखाद्या श्रद्धेच्या पाठीशी शासनाची सत्ता उभी राहिली की अल्पसंख्याकांवर अप्रत्यक्ष दबाव येतोच.

दुसऱ्याच वर्षी, १९६३ मध्ये, शाळेत दररोज सक्तीने होणारे बायबलवाचनही न्यायालयाने रद्द केले. मात्र धर्माचा आणि धर्मग्रंथांचा अभ्यास म्हणून केलेला अभ्यास निषिद्ध नाही, असे न्यायालयाने त्याच वेळी स्पष्ट केले. उपासना आणि अभ्यास यांतील हा भेद आपणही लक्षात ठेवावा असाच आहे.

संविधान सभेतील विचार

भारताच्या संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी हाच विषय चर्चेस आला. शासकीय शाळांत धार्मिक शिक्षण का नसावे, याची कारणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे मांडली. कराचा पैसा विशिष्ट धर्मासाठी वापरावयाचा नाही हे तत्त्व सभेने आधीच स्वीकारले होते. एकाच शाळेत अनेक धर्मांची मुले शिकत असताना प्रत्येकाच्या धर्मशिक्षणाची व्यवस्था करणे शासनाला शक्य नव्हते. शिवाय धर्माधर्मांचे दावे परस्परविरोधी असल्यामुळे शाळा हे वादाचे क्षेत्र होण्याचा धोका होता.

या विचारातून सिद्ध झालेल्या अनुच्छेद २८ चे दोन भाग आपण नीट समजून घेतले पाहिजेत. पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हा पहिला भाग. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याचे अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही, त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा धार्मिक उपासनेला उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही, हा दुसरा भाग होय.

न्यायालयांनी या तत्त्वाला वेळोवेळी आधार दिला आहे. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे ते म्हणत नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढण्यात आले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत ही प्रार्थना नव्हे. परंतु आदराने पाळलेले मौन हा अपमान ठरत नाही, हे सूत्र येथे प्रस्थापित झाले. आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी रोखण्यात आली होती. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. केंद्रीय विद्यालयांतील सक्तीच्या प्रार्थनेचा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथील खंडपीठाने तो मोठ्या पीठापुढे ठेवावा असे सुचविले.

आपल्या संस्थांपुढील प्रश्न

येथवरचे विवेचन वाचून आपल्या समाजातील वाचक सहज मान डोलावेल. दुसऱ्यांच्या प्रार्थना निमूटपणे म्हणाव्या लागण्याचा अनुभव आपल्या मागील पिढ्यांना आहे. परंतु अनुच्छेद २८ चे बंधन आपल्याही शाळांना लागू आहे, हे सांगितल्यावाचून हा अभ्यास पूर्ण होणार नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. आपण ईश्वराकडे काही मागत नाही. बुद्धवंदना ही कृतज्ञता आहे, प्रार्थना नव्हे. तात्त्विकदृष्ट्या हे योग्यच आहे. परंतु संविधानाने येथे 'उपासना' हा शब्द वापरला आहे. मूर्तीपुढे गुडघे टेकून त्रिशरण म्हणणाऱ्या मुस्लीम, ख्रिस्ती किंवा हिंदू कुटुंबातील बालकाच्या दृष्टीने ती उपासनाच आहे. वंदनेचा अर्थ आपण ठरवू शकतो. त्या बालकाच्या मनातील संकोच आपण ठरवू शकत नाही.

निवासी शाळेत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. दिवसाच्या शाळेतील मूल दहा मिनिटे गप्प राहून सायंकाळी आपल्या घरी जाते. वसतिगृहातील मुलाचे जेवण, निजणे आणि मैत्री सारे त्याच आवारात असते. सर्व सोबती वंदनेला निघाले असता एकट्याने मागे राहण्यास फार मोठे धैर्य लागते. म्हणून केवळ 'सक्ती नाही' असे म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

वंदना बंद करावी असे आमचे म्हणणे नाही. घरापासून दूर असलेल्या बालकाला तीतून शांती, शिस्त आणि आपलेपणा लाभतो. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क अनुच्छेद ३० ने दिलेलाच आहे. आमचे म्हणणे इतकेच की संमती खरी असावी. प्रवेशाच्या वेळीच वंदनेची कल्पना पालकांना सोप्या मराठीत द्यावी आणि संमतीपत्र प्रवेश अर्जापासून वेगळे घ्यावे. ती संमती वर्षात केव्हाही मागे घेण्याची मुभा असावी. वंदनेच्या वेळी न येणाऱ्या मुलांसाठी वाचनालय उघडे असावे आणि तेथे एक शिक्षक असावा. त्यांना व्हरांड्यात उभे करू नये. गुण, भोजन, शिष्यवृत्ती, वर्गप्रतिनिधीपद यांवर याचा परिणाम होऊ नये. शिक्षक व कर्मचारी यांनाही हाच न्याय लावावा. बुद्धांचे जीवन आणि विचार इतिहासाच्या तासाला सर्वांनी अवश्य अभ्यासावेत. अभ्यासाला आडकाठी नाही.

केवळ परंपरा आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. तो उपदेश आपण वर्गात शिकवितो. परिपाठाच्या मैदानावरही तो पाळला जातो की नाही, हे येत्या प्रवेशसत्रापूर्वी प्रत्येक संस्थेने आपल्या नियमावलीत तपासून पाहावे.